घट

विट्यात माग थांबले की
आमच्या माडीवर मोबाईलचा उजेड तेवढा उरतो.
तीन देश, नऊ शाळा,
दोनशे तास उडायचा प्रत्येकीचा भाव निराळा.
वहीत मी डॉलर, रँड, पेसो
एकाच पंगतीला बसवलेत,
कोण कुणाकडचा, यजमानालाच पत्ता नाही.

आप्पा चष्मा कपाळावर सारून वही बघतात.
चौदाव्या वर्षी गाव सोडून मदुराईला गेले,
तीस वर्षं दुसऱ्यांचं सोनं गाळलं,
राहायची सोय म्हणजे भट्टीशेजारी पोतं.
विमानातलं त्यांना काही कळत नाही.
एवढंच विचारतात,
"ह्यात घट किती धरलीस?"

घट?

"सोनं वितळलं की वजन तेवढंच राहत न्हाई.
थोडं मुशीला लागतं, थोडं धुरात जातं.
भाव सांगणारा घट सांगत न्हाई, प्रणोती.
ती आपण इचारायची."

मग मी विचारत सुटले.
उतरायचे पैसे वेगळे.
नापास झालं तर परीक्षेचे पुन्हा.
ढग असले की विमान शेडमध्ये,
खोलीचं भाडं मात्र उडतच राहतं.
आणि सगळ्यात स्वस्त शाळेचं वसतिगृह
धावपट्टीपासून बेचाळीस किलोमीटर निघालं.
पहाटे पाचला बस नाही.
आप्पांनी टॅक्सीचा हिशेब सोन्यात मांडला:
महिन्याला अर्धा तोळा, धुरात.
आई अंथरुणातून म्हणाली,
"पोरगी विमान चालवणार,
आन् अडणार कुठं, तर एष्टीला!"

आठवी शाळा दरबानच्या वरच्या अंगाला.
फोटोत धावपट्टीला लागून ऊस होता,
तो बघून आई उठून जवळ आली.
"तोडणीला आलाय की," म्हणाली.
शाळेच्या फाटकापासून सायकलनं अकरा मिनिटं,
गोवेंडर बाईंच्या परसातली खोली:
एक कॉट, एक टेबल, गॅस दोघींत मिळून.

बाई फोनवर दिसल्या, केस पांढरे, मागं मांजर.
मी पाठ केलेलं इंग्रजी बोलत होते,
अनामत किती, कुलूप कुणाचं, पाणी गरम येतं का.
आप्पा आडनावापाशीच अडकले होते.
माझ्या हातातून फोन घेतला
आणि मदुराईच्या बाजारातल्या आवाजात विचारलं,
"साप्पिटिंगळा?"

जेवलात का.

बाई थबकल्या. चष्मा काढला.
हसल्या, मग हसू जरा लांबलं.
म्हणाल्या, आजी विचारायची असं रोज,
मला एवढा एकच शब्द येतो,
बाकीची भाषा घरात राहिली नाही.
मी आप्पांना मराठीत सांगितलं.
त्यांनी मान हलवली,
मुशीच्या तळाशी बघावं तसं बघत राहिले.
भाड्याचं कुणी बोललंच नाही त्या रात्री.

अजून पैसे भरलेले नाहीत.
बँकेला आप्पांच्या तीस वर्षांची एक तरी पावती हवी आहे,
आणि गलाईवाल्याकडे पावत्या नसतात,
हाताला चट्टे असतात.
डॉक्टरांचा दाखला तेवढा आला, डोळे उत्तम.

सकाळी गच्चीवर गेले.
पठारावरच्या पवनचक्क्यांनी तोंडं
पश्चिमेला केली होती, सगळ्यांनी एकदम.
आप्पा मागून चहा घेऊन आले.
"तिथं वारा कुठनं येतो, इचारलंस?"

नव्हतं विचारलं.
वहीत एक ओळ सोडून ठेवली.