रंजक

रुस्ताककडच्या खेड्यातून शम्सा बाईंनी ती आणली,
चादरीत गुंडाळून, आजारी शेळी आणावी तशी
टॅक्सीच्या मागच्या सीटवर आडवी.
इथले लोक तिला अबू फतीला म्हणतात, वातीचा बाप.
आपल्याकडे तोड्याची बंदूक.

मी दाभोळचा. आजोबा गलबतांचे खिळे ठोकायचे.
मत्राहच्या मासळीबाजारामागे, संग्रहालयाच्या या गोदामात
बावीस वर्षं गंज उतरवतोय
दुसऱ्यांच्या लढायांवरचा.

शुक्रवारी भाचा येतो, शादाब. एसीसाठी येतो, खरं तर.
कानांवर हेडफोन, अंगठ्यांखाली किल्ला.
टोळीत एक मनिलाचा, एक मुहर्रकचा,
आणि एक, जो कुठला ते सांगत नाही.
"मामू, ही आहे माझ्याकडे! चौथ्या लेव्हलला मिळते.
रीलोड दोन सेकंद."

मी म्हटलं, मोज.
शिंगातून दारू माप. नळीत ओत. चिंधी कोंब.
गोळी सोड. गजानं ठास, दात आवळून.
आता कानात रंजक.
"रंजक?" तो हसला. त्याला ठाऊक असलेलं रंजक
सुट्टीच्या दिवशीचं.
तीही दारूच रे. बारीक, सुरम्यासारखी, चिमूटभर.
मग जामगीवर फुंकर. मग नेम.
तोवर समोरच्यानं
कहवा उकळून घेतला असता.
मोजता मोजता शादाब खेळात दोनदा मेला.

मग रीत म्हणून गज आत सोडला, नखानं खूण धरली,
बाहेर काढून नळीला लावून पाहिला.
चार बोटं कमी.
पुन्हा केलं. चार बोटं.
शादाब, तोंडासमोरून ऊठ.
भरलेली आहे.

आठवडाभर तेल पाजलं. पुढच्या शुक्रवारी
गजाला पेच लावून उपसली:
शिशाची गोळी, बोराएवढी,
काळी ढेप, जी कधीतरी दारू होती,
आणि मधे चिंधी. निळीत रंगवलेली, एका कडेला
तुरपाईचे सात टाके,
घाई नसलेल्या हाताचे.

"पेटली नसेल," शादाब म्हणाला.
मी भिंग दिलं. कान बघ, कोरा आहे.
रंजक दिलीच नव्हती,
किंवा दिली आणि फुंकून टाकली.
तेवढं भिंगाला कळत नाही.
"मग मारली का नाही?"

शम्सा बाईंना फोन लावला.
म्हणाल्या, सासऱ्यांच्या वडिलांची. लग्नात मिरवायचे.
बाकी मला काय ठाऊक.
पैसे कधी देणार, तेवढं सांगा.

फॉर्मवर 'स्थिती'च्या रकान्यात लिहिलं: बरी.
खोडलं.
दोनशे वर्षं, की दीडशे, एका खोलीत खुंटीला टांगलेली,
खाली पोरं निजत असतील,
कुणी तिच्या नळीवर ओला लुंगीचा पंचा वाळत घातला असेल.
लिहिलं: भरलेली होती.

शादाबनं गोळी माझ्या सोनारकाट्यावर ठेवली. एकोणीस ग्रॅम.
"एवढीच?"
ती उचलून त्यानं जागेवर फोन ठेवला,
आणि फोन थरथरला, आकडे वेडेपिसे धावू लागले,
मनिलाचा पोरगा आतून ओरडत होता,
कुठे आहेस, तट उघडा पडलाय, कुठे गेलास.

शादाबची मूठ मिटलेली.
"मामू, ही गरम होतेय."
तुझ्याच हाताची ऊब ती, मी म्हटलं.
खिडकीत बशी ठेवली होती चिंधी भिजत.
पाणी अजून निळं सुटत होतं.