एक दात कमी

पुढच्या स्प्रॉकेटला तेरा दात होते.
इद्रीसने बाराचं बसवलं.
"एक दात गेला की गाडी म्हातारी होते ताई,
पळत नाही. पण चढते."
अप्पा स्टुलावर बसून ऐकत होते,
जिभेने स्वतःची खिंडारं मोजत.

तुर्भे स्टोअरच्या त्या गल्लीत
तीन महिने माझा पगार सुटा सुटा होऊन पडला:
हँडलखाली दीड इंचाचे ठोकळे,
उंच मडगार्ड, गाठीगाठींचे टायर,
आणि सीटचा फोम, चार बोटं कापून काढलेला,
कारण कंपनीने ही गाडी बनवताना
माझ्या उंचीचं माणूस धरलंच नव्हतं.
कापलेला तुकडा फेकला नाही.
आई त्यावर गुडघे टेकून लादी पुसते.

आरसे काढले. सानपाड्याच्या सिग्नलला पावती फाटली.
आरसे परत लावले.

पोटाखाली पत्रा हवा होता,
इंजिनाला दगड लागू नये म्हणून.
विकतचा साडेचार हजार.
अप्पा काही न बोलता घरी गेले
आणि मोरीतल्या पिंपावरचं झाकण घेऊन आले:
जाड लोखंडी पाटी,
खाण बंद झाली त्या दिवशी खांद्यावर टाकून आणलेली.
लाल रंगात तीन अक्षरं. सुरुंग.
"खाली सावधानची वेगळी पाटी होती,
ती मुकादमाने नेली."

इद्रीसने गॅसवर तापवली, घणाने वाकवली,
चार बोल्ट मारले.
तेल काढायचं भोक
नेमकं मधल्या अक्षरात आलं.

रविवारी सहाला उगाच पामबीचवर एक फेरी.
साठच्या पुढे इंजिन नुसतं आरडाओरडा करतं.
एक स्कूटरवाला बायकोला घेऊन पुढे गेला,
तिने मान वळवून
माझ्याकडे पाहिलं, आजाऱ्याकडे पाहावं तसं.
मग वळले, पुलाखालून डोंगराकडे.

डांबर संपतं तिथे थांबून हवा सोडली,
अठ्ठावीसवरून सोळा.
उभी राहिले पायऱ्यांवर, गुडघे सैल,
कोपर बाहेर, नजर लांब.
अप्पांनी सांगितलं होतं,
"तिसऱ्या वळणाला डावीकडे चिकटून राहा.
उजवीकडे मुरूम नाही, क्रशरची भुकटी आहे."
मी म्हटलं होतं, पंधरा वर्षं झाली अप्पा,
माती जागेवर राहते होय?

पुढचं चाक मांडीपर्यंत रुतल्यासारखं झालं
आणि आम्ही दोघी
अगदी सावकाश आडव्या झालो.

इंजिन बंद. टाकीतून थेंब थेंब पेट्रोल.
गाडीचं पोट आभाळाकडे,
आणि त्यावर लाल अक्षरं, चिखलातून.
मी उठले नाही लगेच.
लहानपणी इथे शिट्टी तीनदा वाजली
की आई मला ओढून घमेल्याखाली घालायची,
आत माझाच श्वास लोखंडाला लागून परत यायचा.
हेल्मेटमध्ये तसाच येत होता.
थांबले जरा वेळ.
शिट्टी काही झाली नाही.

मग पाठ सीटला लावली,
पाय रोवून उलटी चालत, एकशे तीस किलो
उभे केले.
पहिला गियर, बारा दात,
आणि ती चढली, न घसरता, कुरकुरत,
भाजीची पिशवी घेऊन जिना चढणाऱ्या बाईसारखी.

वर खाणीत हिरवं पाणी आहे.
दगडाच्या भिंतीवर पहारीच्या उभ्या खुणा
अजून सरळ आहेत.
त्यातल्या अप्पांच्या कुठल्या, कळत नाही.

संध्याकाळी ते गोणपाट टाकून गाडीखाली आडवे झाले.
त्यांना वाचता येत नाही,
ही तीन अक्षरं येतात.
बोट फिरवत गेले ओरखड्यांवरून.
"मधलं कुठे गेलं?"
"तिथून तेल काढतात."
हसले, सगळ्या खिंडारांसकट.
मग पत्र्याच्या कडेची राखाडी भुकटी
बोटाला लावून चोळून पाहिली.

"उजवीकडून गेलीस."