पाणी वाळेपर्यंत

सोयरू वेळीप कळशी कलती करतो
तेव्हा कुठे पणसायमळच्या कातळावर काही दिसू लागतं:
आधी वशिंड, मग शिंगं,
मग तो भोवरा, ज्याचे सगळे फोटो काढतात.
नंतर मला म्हणतो, इकडे ये,
आणि न्हंयकडच्या कोपऱ्यात
ओंजळभर पाणी तळहाताने फासतो.

दोन जाड पाय. लांब मान.
पंखांच्या जागी नुसता चिरा.
छिन्नी तिथवर पोचली नाही,
की कोरण्यासारखं काही नव्हतंच तिथं?

खात्याचा साहेब आला होता, वहीत ‘मोर’ लिहून गेला.
सोयरूला मोर ठाऊक आहे.
रोज येतो कुळागरात, मिरच्यांची रोपं टोचून जातो.
‘ही मांडी बघ. मोराची आहे?’

मला शहामृग ठाऊक आहे, तोही पुस्तकातला:
या देशाच्या माळांवर कधीकाळी धावायचा,
मागे उरली टरफलं.
त्यातले काही तुकडे गोल घासलेले,
मधोमध भोक,
कुणाच्या तरी गळ्यासाठी.
आणि दूरच्या बेटांवर त्याचे थोराड भाऊबंद,
माडाएवढे नसतील, पण माणसाहून उंच.
होडीतून माणसं उतरली तेव्हा
ते पळाले नाहीत म्हणे. बघत उभे राहिले.
पळायचं असतं
हे त्यांच्या आईलाही माहीत नव्हतं.

‘मारून संपवले,’ मी म्हणते.
सोयरू मान हलवतो.
त्याच्या आज्याच्या वेळी न्हंयच्या रेतीत
कासवं वर यायची.
‘कासवाला कोण हात लावत नव्हता.
अंडी तेवढी आणायची. एका घराला एक खड्डा,
पाच न्यायची, दोन ठेवायची. नेम होता.’
मग?
‘मग घरं वाढली.
नेम तोच राहिला.’

पलीकडे खाणीचा ट्रक गिअर बदलतो.
मी डोळ्यांपुढे आणते ती बाई:
एका अंड्यात सगळं घर जेवलं आहे,
आता ती टरफल घासते आहे कातळावर,
लेकीचं काहीतरी ठरलं असेल.
फुंकर मारून भोकातून उजेड बघते.
तिला काय बोलू?
माझ्या गळ्यात पोवळी आहेत,
लग्नात सासूने घातलेली, खऱ्या समुद्रातली.

ऊन मे महिन्याचं.
पक्षी मानेपासून जायला लागतो.
मग पोट. पाय मात्र बराच वेळ
ओले, रोवलेले,
कुणीतरी येतंय आणि आपण बघत राहावं, तसे.

‘आणखी थोडं ओतशील?’
सोयरू कळशी हलवून बघतो.
‘एका गाडीला एक कळशी,’ तो म्हणतो,
‘तसा नेम आहे.’

खाली कुशावती. घोटाभर.