साधी काच

ऑक्टोबरात पुंता अरेनासचं ऊन
अंगाला लागत नाही, आणि भाजतं.
चौकातल्या दिव्यावर आज जांभळा रंग:
पोरांना अंगणात सोडू नका.

एलेउतेरियो मान्सियाच्या होडीत
बेर्निता नावेल्कीन सोळा नळ्या मोजते.
आठांना पारदर्शक फिल्म गुंडाळलेली, आठ उघड्या.
प्रत्येकीत सामुद्रधुनीचं ओंजळभर पाणी
आणि त्यात जे आहे, ते दिसत नाही.

"बरण्या चालल्या असत्या की,
बहीण कालाफातेचा जॅम भरते त्या."
"नाही चालत. साधी काच खोटं बोलते.
उन्हातलं जे जाळतं
ते स्वतःकडेच ठेवून घेते, आत कळू देत नाही.
ही क्वार्ट्झची. हिच्या पोटात काही राहत नाही."

दिवसभर नळ्या लाटेखाली हातभर, चौकटीला बांधलेल्या.
तो इंजिन बंद करून येर्बाचा कडू घोट घेतो,
ती ढग लिहून ठेवते.
त्याच्या कानांची साल निघाली आहे.
टोपी घाला, ती म्हणते.
बापानं कधी घातली नाही, तो म्हणतो,
आणि जरा वेळानं:
तेव्हा आभाळ शिवलेलं होतं.

संध्याकाळी गाळणकागदाच्या चकत्या, अंगठ्याच्या नखाएवढ्या.
आठ हिरव्या, शेवाळल्या पायरीसारख्या.
सात नुसत्याच ओल्या.
एकीची चिठ्ठी पाण्यात सुटून गेली;
कुठली ते रंगावरून तोही सांगेल.
"लिही की."
"डोळ्यांनी बघितलेलं चालत नाही,"
आणि ती रकाना मोकळा सोडते.

"मेले का?"
"थोडे. बाकीचे वाढायचे थांबले.
दुपारभर स्वतःची डागडुजीच करत बसले."

यावर तो गप्प.
असे दिवस त्याला माहीत आहेत:
होडी वाळूवर पालथी, भेगांत डांबर,
जाळं आठवडाभर कोरडं,
आणि घरी कुणी विचारलं तर, काम चाललंय.

परतताना तो मनातल्या मनात वर चढत जातो,
हे न दिसणारे, त्यांना खाणारे जरा दिसणारे,
त्यांच्यामागे सार्डिन,
सार्डिनच्या मागे त्याचा मेहुणा
आणि मेहुण्याचं बँकेचं कर्ज.

केबिनच्या खिडकीतून समुद्र
निवांत दिसतो, निळा, नेहमीसारखा.
तो खिडकीकडे बघतो.
मग खिट्टी काढून
काच खाली सरकवतो.
तोंडावर मीठ येतं.

टोपी अजून खुंटीलाच आहे.