गोळाबेरीज

स्काइद्रिते त्या शाळेत एकोणीस वर्षं कारकून आहे,
लात्व्हियाच्या पूर्व टोकाला,
जिथून पुढे रस्ता आहे पण बस नाही.

गुरुवारी जिल्ह्याच्या सभेत पट दाखवायचाय:
कुठल्या साली किती मुलं.
तिनं आकडे भरले, निवडले, बटण दाबलं
आणि पडद्यावर स्तंभ उभे राहिले.
पहिला एकशे तेरांचा,
डोकं थेट शीर्षकाला टेकलेला.
मग दरसाल एकेक बुटका,
उंचीप्रमाणे उभं केलेलं कुटुंब जसं फोटोत.
शेवटचा नऊ.
नवाचा स्तंभ म्हणजे नुसता उंबरठा,
ठेच लागण्यापुरता.

हा नको, मुख्याध्यापक गुन्तार्स म्हणाले मागून,
बुटांवरचा बर्फ न झटकता.
हा बघितला की ते निकाल लावूनच उठतील.
तुझ्या त्या मशीनमध्ये दुसरं काही नाही?

आहे की.
उजवी टिचकी. चार्टचा प्रकार बदला.

रेषालेख केला तर घसरगुंडी झाली,
शाळेमागच्या टेकडीची, जिथून मुलं
फेब्रुवारीत पोत्यांवर बसून घसरतात.
टेकडीच्या तळाशी कुंपण तरी आहे.

स्तंभ आडवे केले.
ओंडके पडल्यासारखे पडून राहिले सगळे,
लहानमोठे, मोजून.

मग वृत्तालेख.
आधी सगळी सालं कोंबली त्यात,
नुसता रंगांचा काला झाला.
म्हणून फक्त यंदाचं साल घेतलं, इयत्तावार:
पहिलीत दोन, तिसरीत तीन,
चौथीत एक, सहावीत तीन.
दुसरी आणि पाचवीला पाचर मिळाली नाही,
पण फटही कुठे दिसली नाही.
वर्तुळ पूर्ण. शंभर टक्के.

एकशे तेरांचंही एवढंच झालं असतं.
वृत्ताला वजाबाकी येत नाही.
त्यात जे आहेत तेवढेच जग वाटून घेतात,
आणि चौथीतली ती एकटी मुलगी
नववा हिस्सा खाऊन बसते ऐसपैस.
उद्या तीच एक उरली तरी
पुनवेसारखं गोल दिसेल.

हेच, गुन्तार्स म्हणाले,
आणि शेगडीत लाकूड सारायला गेले.

ती बसून राहिली.
आकडे तसेच होते डावीकडे, आपापल्या चौकटीत,
आकार बदलला म्हणून एकही हलला नव्हता.
आठव्या सालावरून नवव्यावर उतरताना
जी पायरी लागते, सहा मुलांची,
तिच्यात एक सानिता आहे, तिची.
शाळा सोडल्याचा दाखला तिनंच टाइप केला होता.
कारण: स्थलांतर.
बाप आयर्लंडला, मशरूमच्या शेडमध्ये;
मुलगी त्याच्यामागे.
शिक्काही हिनंच मारला, थोडा तिरका.
पडद्यावर ती मुलगी दीड मिलिमीटर आहे
आणि वृत्तात कुठेच नाही.

स्तंभ. वृत्त. पुन्हा स्तंभ.
टिचकीसरशी माणसं उभी राहत होती,
टिचकीसरशी थाळीत वाढली जात होती.

छापून बघितलं तर
रंगाची शाई डिसेंबरातच संपलेली.
चारही पाचरी एकाच राखाडीत विरल्या,
कोणती इयत्ता कोणती, काही कळेना.
वर मथळा मात्र ठळक: आपली शाळा.

फाइलीला नाव दिलं: सभा-अंतिम.
या नावाची फाइल आधीच आहे, प्रोग्रॅम म्हणाला,
तिच्या जागी ही ठेवू?
उघडून बघितली. गेल्या वर्षीची.
तेव्हा चौदा होते.

नको म्हणाली. सभा-अंतिम-दोन.
मग स्तंभांची वेगळी ठेवली: सभा-अंतिम-खरी.
दोन्ही पेनड्राइव्हवर घेतल्या,
पेनड्राइव्ह कोटाच्या आतल्या खिशात,
हातमोज्यांच्या खाली.

कुठली उघडायची ते गुरुवारी ठरवेल,
तिथं ऐकायला कोण कोण आलंय
आणि खुर्च्या किती रिकाम्या आहेत
ते बघून.