डावा दिवा जरा वर बघतो

मार्च आला की वार्काउसच्या रस्त्यांवर
बर्फाचा राखी चिखल होतो
आणि माझ्या कारिनाची तारीख येते.
त्र्याण्णवची गाडी. रंग कागदावर हिरवा.
चार लाख बारा हजार किलोमीटर, त्यातले निम्मे
टपाल वाटण्यात, पेट्यांकडे हात लांबवत.

डॅशबोर्डच्या कप्प्यात तिचे सगळे निकाल आहेत,
रबर बँड लावून.
एकोणीस साली: हँडब्रेक नावापुरता.
वीस साली: सायलेन्सरला तोंड फुटलेलं.
एकवीसला एकही शेरा नाही;
तो कागद मी जुलैपर्यंत फ्रिजवर लावून ठेवला होता.
बाकी दरवर्षी, न चुकता, शेवटची ओळ:
डावा दिवा जरा वर बघतो.

यंदा तपासनीस नवा, यालमारी,
दाढी अजून मनावर न घेतलेला पोरगा.
त्याने तिला रोलरवर जागच्या जागी पळवलं,
एकेका चाकाला थांब म्हणून बघितलं,
मग लिफ्टवर उचललं.
मी काचेपलीकडे, हातात मशीनची कॉफी.
तो टॉर्च घेऊन पोटाखाली शिरला
आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत निघाला.
ठण. ठण. ठण.
मग एक ठोका, ज्याला आवाजच नव्हता.

दाराखालची ती पत्र्याची पेटी,
आम्ही तिला उंबरठाच म्हणतो,
उजवीकडची, रस्त्यावरच्या मिठाने आतून खाल्लेली.
टोक लावलं तर भिजल्या पावात जावं तसं गेलं.
"इथे मात्र," म्हणाला, आणि वीतभर मागे ठोकलं.
ठण.
"हा तुकडा कोणी जोडलाय? सबंध बाजूत तेवढाच घट्ट आहे."
"आहे एकजण," मी म्हटलं.

नापास. महिन्याच्या आत पुन्हा आणा.
गॅरेजवाल्याने जो आकडा सांगितला
तेवढ्यात दोन कारिना आल्या असत्या,
कुणी विकत असतं तर.

ताउनो आणि मी नऊ वर्षं बोललो नव्हतो.
कारण सांगायची लाज वाटते:
बापाच्या बोटीचं इंजिन. चार हॉर्सपॉवर.
धड सुरूसुद्धा होत नव्हतं.

तेविसाव्या दिवशी गेले.
हॉर्न वाजवला नाही. आवाजावरून ओळखलं असणार,
शेडचं दार आधीच उघडं होतं.
माझ्याकडे न बघता तो गुडघा धरत खाली बसला,
मग आडवाच झाला, गाल जवळजवळ बर्फाला.
बराच वेळ.
गंजावर बोट ठेवून म्हणाला, "हे माझं नाही."
बोट वीतभर मागे सरकलं. "हे माझं."
"तेवढंच टिकलंय. पोरगा म्हणत होता."
"कुठला पोरगा?"
"तपासणीचा."
तो हुंकारला.
आमच्याकडे एवढं बोलणं पुष्कळ झालं.

दोन दिवस शेडच्या फटींतून निळा उजेड उसळत राहिला.
मी अंगणातला बर्फ ओढत राहिले,
नको तिथलाही.
पैसे त्याने घेतले नाहीत.
कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक ओळखीचा आकार होता,
पंख्याकडे निमुळता होत गेलेला.
तिकडे आम्ही दोघांनीही
फार काळजीपूर्वक पाहिलं नाही.

यालमारीने पुन्हा ठोकलं.
ठण, ठण, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
पास. शेरा एक.
"तो दिवा पाच मिनिटांचं काम आहे," म्हणाला,
"एक स्क्रू फिरवायचा."
"पुढच्या वर्षी," मी म्हटलं.

संध्याकाळी परतताना
उजवा दिवा रस्ता बघत होता, शहाण्यासारखा,
आणि डावा बर्चच्या शेंड्यांवरून चालला होता,
जिथे कुणाचंच टपाल नसतं.