पूररेषेच्या आत

समुद्राजवळ हवं, म्हणाली.
बजेट नऊ हजार.

मी म्हटलं, मॅडम, हे नाशिक आहे.
समुद्र इथून घाट उतरून चार-पाच तास,
आणि तिथेही नऊ हजारांत तो दिसत नाही,
वास येतो फक्त.

नाव निनो. देश जॉर्जिया. गावाचं नाव पोती.
तीनदा विचारून खात्री केली,
गोण्यांशी काही संबंध नाही.
घरासमोर काळा समुद्र.
काळा का, ते तिलाही सांगता येईना.
असू दे. आमचा रामही काळाच,
कुणी विचारत नाही.

नोकरी गिरणाऱ्याकडच्या वायनरीत.
घोट घ्यायचा, थुंकायचा, वहीत लिहायचं.
याचा पगार मिळतो.

गंगापूर रोडला पहिला फ्लॅट.
मालकांनी मला बाजूला घेतलं :
नॉनव्हेज खाते का? एकटीच? नवरा कुठाय?
लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत
सोळाचे बावीस झाले.

चांदशीला नवी इमारत, नाव 'सी ब्रीझ'.
पाटी वाचून ती धावत गच्चीवर.
वर सिंटेक्सच्या टाक्यांची रांग.
'काळा समुद्र,' ती म्हणाली,
'हजार हजार लिटरचा.'
हसलो दोघं.
मग तिला हसू आवरेना,
मग ते हसू राहिलं नाही.
मी मीटरचा नंबर वाचत उभा राहिलो.

रात्री झोप येत नाही म्हणाली, आवाज नसतो.
लॉजवरचा पंखा पाचवर ठेवते,
डोळे मिटले की थोडंफार जमतं.

एकोणीस वर्षं हा धंदा करतोय.
बायको माझा जुडगा खुंटीला अडकवताना
रोज एकच वाक्य बोलते.
पंचवटीत आम्ही अकरा-अकरा महिन्यांचे.
हे निनोला सांगितलं नाही. कशाला सांगू?

शेवटी आनंदवली.
नदीला खेटून लोंढे मावशींची खोली.
ही मी कुणाला दाखवत नाही.
नकाशावर पुराची निळी रेषा आहे,
खोली रेषेच्या आत.
भिंतीवर छातीच्या उंचीला तपकिरी डाग.
त्याला पाठ लावून मी उभा राहिलो
आणि म्हणालो : सात हजार, पाणी चोवीस तास.
जीभ चावली.

'सरक,' तिने हातानेच सांगितलं.
डागावर तळवा ठेवला, नाक टेकलं.
मावशी हातवारे करत सुटल्या :
इथवर आलं, फ्रिज तरंगला, कोंबड्या माळ्यावर.
निनोनेही हात वर नेला,
मावशींच्या खुणेपेक्षा वीतभर उंच,
आणि छातीवर बोट ठेवलं : माझ्या घरी.
एकीचा शब्द दुसरीला कळत नव्हता.
मावशी म्हणाल्या, अगं बाई,
आणि कुणी न मागता पाचशे कमी केले.

पोलीस स्टेशनात फॉर्म भरला.
'जवळची खूण' या रकान्यात मी लिहिलं : नदी.
हवालदार म्हणाला, मे महिन्यात?
खोडून लिहिलं : पिठाची गिरणी.

ऑगस्टात धरणातून पाणी सोडलं.
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं तसा फोन केला.
चारदा. उचलेना.
स्कूटर काढली.

गाद्या माळ्यावर, गाठोडी बांधलेली,
दोघी पायरीवर,
मावशींच्या मांडीत कोंबडी.
पाणी तीन पायऱ्या खाली.

मॅडम, निघा आता.

निनोने ओठांवर बोट ठेवलं.
'आता येतोय आवाज,'
मराठीत म्हणाली, हेलसुद्धा मावशींचाच.

मी तिथेच थांबलो.
जुडगा वाजू नये म्हणून
सगळ्या किल्ल्या मुठीत धरल्या.